आबाचं मीठ

"श्रीपा, सरक बाजूला," आबा म्हणाला आणि बगलेत मिठाचा डबा धरून आमटीच्या पातेल्यापाशी आला.

जयसिंगपूरला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. तुळशीचं लग्न नुकतंच लागलेलं, म्हणजे मोसमातलं आमचं पहिलंच मोठं काम. कार्यालयाच्या मागच्या अंगणात चुलाणं धडाडत होती, मसालेभात दमावर ठेवला होता, मठ्ठ्यात कोथिंबीर पडली होती. पहिल्या पंगतीची पानं मांडून झाली आणि आमटीतलं मीठ तेवढं राहिलं. आमच्यात मीठ घालायचं ते आबानंच. भाज्या कुणी चिराव्यात, पोळ्या कुणी लाटाव्यात, फोडणी कुणी द्यावी याला काही धरबंध नव्हता. पण मिठाच्या डब्याला माझ्या थोरल्या भावाशिवाय कुणाचा हात लागायचा नाही. मी चाळिशीला टेकलेला घोडा, हजार पानांचा स्वयंपाक एकटा रेटू शकणारा, पण जन्मात एकाही पातेल्यात मी मीठ घातलेलं नव्हतं.

आबा मोजायचा नाही. पातेल्यावर वाकायचा, वाफ नाकात घ्यायचा, मूठ भरायचा आणि बोटांच्या फटींतून मीठ सोडत पातेल्याभोवती एक फेरी मारायचा. गावोगावचं पाणी त्याला पाठ होतं. "नरसोबाच्या वाडीचं पाणी गोडं, तिथं मूठ सैल सोडायची. इथलं बोअरचं पाणी मचूळ, इथं हात आखडता घ्यायचा," असं तो शिकवायचा. शिकवायचा फक्त, करू द्यायचा नाही. मग तळहातावर थेंब घेऊन एकदाच चाखायचा आणि मान हलवायचा. ती मान हलली की पंगत बसायची.

त्या दिवशी त्यानं मूठ पातेल्यावर धरली आणि त्याचा हात थरथरायला लागला. थंडीनं कापतो तसा नव्हे. मनगट जणू त्याचं नव्हतंच, ते आपलं वर-खाली होत होतं. सगळी मूठ एकदम आत गेली, आणि ती सावरायच्या नादात बगलेतला डबाही कलंडला.

"आबा!"

"काही नाही झालं. ढवळ."

मी ढवळलं आणि पळी त्याच्यासमोर धरली. "चाखून बघ."

"तू बघ."

"मी? मिठाचं मी बघू?"

"बघ म्हणतो ना! माझं तोंड कडू झालंय."

मी चाखलं. आमटी कसली, समुद्र होता. मग मी कणकेचे गोळे वळून टाकले, पुरणाच्या डाळीचं उरलंसुरलं पाणी ओतलं, नारळ वाटून घातला, गुळाचे खडे सोडले आणि कशीबशी लाज राखली. पंगतीत कुणी तरी "आमटीत आज मीठ चढलंय" म्हणालंच. मुलीच्या बापानं चकार शब्द काढला नाही, ते जास्त लागलं. आबा तांदळाच्या पोत्यावर बसून होता. उठताना त्यानं भिंत धरली आणि दाराकडे जाताना दोन पावलं तिरकी पडली.

"काय आचारीबुवा, सकाळी सकाळीच घेतली वाटतं?" वरपक्षाकडचा कुणी एक हसत म्हणाला.

आबानं उभ्या आयुष्यात ताकापलीकडे काही घेतलेलं नव्हतं. मी झारा घेऊन त्या माणसाच्या अंगावर जाणार होतो, पण आबानं माझा दंड धरला. त्याच्या हाताची थरथर माझ्या दंडात उतरली आणि माझा राग जागच्या जागी विझला. त्याची जागा भीतीनं घेतली.

आता आमच्या घराण्याचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे वाडवडिलांकडून दोनच गोष्टी आल्या, एक झारा आणि दुसरं फिरतं डोकं. आमचे वडील, बापू, वर्षाकाठी एकदा असे काही फुलायचे की पन्नास पानांचं बारसं सांगितलेलं असताना पाचशे पानांचा स्वयंपाक करून बसायचे आणि मग जेवायला माणसं गोळा करत गावभर हिंडायचे. ते ओसरलं की भिंतीकडे तोंड करून महिना महिना निजायचे. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. नरसोबावाडीला नेऊन पादुकांसमोर बसवायचे, बस्स. आजार आधी डोळ्यांत दिसायचा. डोळ्यांत एक वेगळीच लकाकी यायची, आणि आई आम्हाला सांगायची, "आज बापूंच्या वाटेला जाऊ नका."

तीच लकाकी पुढे आबाच्या डोळ्यांत आली. पण तोवर सांगलीत पाटगावकर डॉक्टरीण आल्या होत्या आणि लिथियमच्या गोळ्या आल्या होत्या. आबाला रोज दोन गोळ्या लागू पडल्या आणि त्याचं डोकं जे जागेवर बसलं ते बसलंच. मालूवहिनी म्हणायच्या, "दोन गोळ्यांत माझा संसार आहे." त्यांना मूलबाळ नव्हतं. बापू गेल्यावर मला आबानंच वाढवलं, त्यामुळे मूल म्हणा, भाऊ म्हणा, मीच.

माझा नंबर उशिरा लागला. त्या वर्षी भाद्रपदात माझी झोप उडाली. अख्ख्या बाजारपेठेला मी श्रीखंडपुरीचं आमंत्रण देऊन आलो. एका दुपारी अंकलीच्या पुलावर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्यांना थांबवून जिलबीचा पाक कसा ओळखायचा ते शिकवायला लागलो, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून कठड्यावर चढलो. खाली कृष्णा दुथडी भरून वाहत होती. पुढचं मला धड आठवत नाही. आबानं खाली ओढलं एवढं नंतर समजलं.

दवाखान्यात मलाही त्याच गोळ्या सुरू झाल्या. आधी दोन, आबासारख्याच. पण माझ्या रक्तात त्या म्हणाव्या तशा उतरेनात. मग तीन झाल्या, दसऱ्याच्या सुमारास चार. दिवाळीला मी घरी आलो तेव्हा माणसांत आलो होतो. थोडा सुस्त, पण माणसांत.

दिवाळीनंतर आम्ही दोघे पाटगावकरबाईंना दाखवायला गेलो. मला एक गोष्ट आत सलत होती, ती मी विचारून टाकली.

"बाई, आबाच्या दोन आणि माझ्या चार. म्हणजे मी आबाच्या दुप्पट वेडा का?"

बाई हसल्या. "श्रीपादराव, तुम्ही आचारी ना? एक मूठ मीठ वाडग्यात टाकलं आणि तेवढंच घंगाळात टाकलं, तर चव सारखी येईल?"

"कशी येईल?"

"तसंच आहे हे. कुणाचं शरीर हे औषध भराभर बाहेर टाकतं, कुणाचं सावकाश. दोघं एका आईची लेकरं असली तरी. तुमच्या रक्तात चार गोळ्यांनी जेवढं औषध उतरतं, तेवढं तुमच्या या भावाच्या, नरहरपंतांच्या रक्तात दोन गोळ्यांनी उतरतं. त्यामुळे गोळ्या मोजायच्या नाहीत, रक्तात किती उतरलं ते मोजायचं." मग त्या आबाकडे वळल्या. "तुमचं रक्त तपासून बरेच महिने झाले. आलाच आहात तर देऊन जा."

"पुढच्या खेपेला देतो," आबा म्हणाला. "आता लग्नसराई आली."

घरी येताना तो बसच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "बाई शहाणी आहे. वाडीचं पाणी आणि जयसिंगपूरचं पाणी." मला बरं वाटलं. दुप्पट वेडा नसल्याचं कुणी छापील प्रमाणपत्र दिल्यासारखं वाटलं.

जयसिंगपूरच्या त्या लग्नाहून आम्ही घरी आलो आणि आबाला उलट्या सुरू झाल्या. अन्न ठरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीकडे जाताना उंबऱ्याला अडखळून पडला. मी उचलायला गेलो तर काही तरी बोलला, पण शब्द एकमेकांत अडकून बाहेर आले. गल्लीत तोवर बातमी फिरली होती. "धाकटा सुधारला, आता थोरल्याचं सुरू झालं," शेजारच्या काकू वहिनींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

पण मी आबाच्या डोळ्यांत बघितलं. लकाकी नव्हती. ते डोळे पेंगुळलेले होते, दिव्यातलं तेल संपत आल्यासारखे. वेड आतून कसं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं, त्याची चव अजून जिभेवर होती. हे वेड नव्हतं.

रिक्षात घालून आम्ही त्याला बाईंकडे नेलं. त्यांनी त्याला हात पुढे धरायला सांगितले. हात असे उडायला लागले की बाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"गोळ्या जास्त घेतल्यात का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "दोनच. मीच देते हातानं."

"मग दुसरं काही औषध? दुखण्यावरच्या गोळ्या, लघवी व्हायच्या गोळ्या?"

"नाही."

"जुलाब, ताप? खाण्यापिण्यात काही बदल?"

वहिनींनी आबाकडे बघितलं. आबानं अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, बिचारीला काही सुचत नाही.

"नाही," वहिनी म्हणाल्या आणि पदराशी चाळा करत राहिल्या.

त्याला लगेच दाखल केलं. दुपारी रक्ताचा आकडा आला. बाई कागद घेऊनच खोलीत आल्या. "एरवी जेवढं असायचं त्याच्या दुपटीच्या वर गेलंय. इतकी वर्षं ज्या दोन गोळ्या पचत होत्या त्याच आता विषासारख्या झाल्यात. का, ते मला अजून कळत नाही. पण आधी हे अंगातून बाहेर काढायचं. गोळ्या बंद, आणि सलाईन सुरू."

सिस्टर कवठ्याकडची होती, बोलकी. तिनं आबाच्या हाताला सुई लावली, बाटली टांगली, पट्टी चिकटवली. आबानं जड जिभेनं तिला विचारलं, "काय आहे ह्यात?"

"काय न्हाई काका, मिठाचं पानी हाय. घाबरू नगासा."

"मिठाचं?"

"व्हय की. नुसतं मीठ नि पानी. औषिद बी न्हाई त्यात."

ती पाठमोरी झाली आणि आबानं दुसऱ्या हातानं सुई उपसून काढली. चादरीवर रक्त सांडलं. सिस्टर धावली, मी त्याचा हात दाबून धरला. त्या एवढ्याशा देहात कुठून बळ आलं कुणास ठाऊक, तो मला झटकत होता आणि एकच शब्द बोलत होता, "नको, नको, नको."

"आबा, काय करतोयस हे? अरे, मरशील!"

तेव्हा वहिनींचा बांध फुटला. त्या भिंतीशी बसकण मारून रडायला लागल्या. "भाऊजी, त्यांनी मीठ सोडलंय हो!"

"काय सोडलंय?"

"मीठ. दसऱ्याला वाडीला जाऊन नेम केला. दत्तजयंतीपर्यंत मिठाचा कण तोंडात घालायचा नाही. मला पादुकांची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. बोललं की नेम फुकट जातो ना!"

मग एकेक गोष्ट मला आठवायला लागली. दिवाळीत त्यानं चिवड्या-चकलीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, लाडूच तेवढे खाल्ले होते. रोज रात्री दूधभात. कामावर सगळ्यांच्या मागून जेवायला बसायचा आणि आपलं पान आपण वाढून घ्यायचा. आणि ती आमटी. ज्या माणसानं चाखल्याशिवाय कधी पंगत बसू दिली नाही, तो पळी तोंडाला लावायला तयार नव्हता.

"पण कशासाठी?" मी विचारलं. "धंदा चांगला चाललाय, तब्येत चांगली होती. कशाचा नेम?"

वहिनींनी पदरातून तोंड वर काढलं. माझ्याकडे असं बघितलं, की मी विचारायलाच नको होतं असं मला वाटलं.

"कशासाठी म्हणून काय विचारता? तुम्ही इथं दवाखान्यात होतात तेव्हा."

पाटगावकरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्या काही न विचारता आबाच्या पलंगाशी येऊन बसल्या. रागावल्या नाहीत. "नरहरपंत, नीट ऐका. तुमची ती गोळीही एक प्रकारचं मीठच आहे. शरीराला खाण्यातलं मीठ मिळेनासं झालं की ते कासावीस होतं आणि मिठासारखं जे काही हाताशी येईल ते धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. गोळ्या तुम्ही दोनच घेत होता, पण आतल्या आत त्या साठत गेल्या. आमटी चुलीवर राहिली की आटते ना? वर मीठ न घालताही खारट होते. तसं झालंय. मिठाचं पाणी अंगात गेलं की हे निघून जाईल. नाही गेलं तर मेंदूला धक्का लागेल. हा हात कायमचा असाच राहील. कदाचित तुम्हीही राहणार नाही."

आबा मग तुकड्यातुकड्यांनी बोलायला लागला. प्रत्येक शब्द त्याला ओढून आणावा लागत होता.

"तुमचं खरं असेल, बाई. पण मी मीठ सोडलं आणि हा उठून बसला."

"त्याच सुमारास मी त्यांच्या चार गोळ्या केल्या होत्या."

"असतील. देव गोळीतनंही देतो. पण मी कबूल केलंय. मी मोडलं आणि ह्याचं परत फिरलं तर?" त्यानं उजवी मूठ वर केली, तीच मूठ, आणि ती लटलटत राहिली. "पुलावर... ह्याच्या सदऱ्याचं टोक होतं हातात. तेवढंच. बाकी सगळा हा बाहेर होता, बाई. खाली नदी. तेवढं टोक फाटलं असतं तर? मी नाही खाणार मीठ. दत्तजयंती होऊ दे."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी आजवर पुलाची गोष्ट विनोद म्हणून सांगत होतो, ट्रकवाल्यांची नक्कल करून हसवत होतो, आणि तो माझ्या सदऱ्याचं टोक अजून सोडायला तयार नव्हता.

"हात बांधून लावता येईल सलाईन," बाई मला व्हरांड्यात नेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या. "गरज पडली तर लावीन. पण शुद्धीत असलेला माणूस आहे, आणि घरी गेल्यावर परत मीठ सोडेल त्याला मी काय करू? तुम्ही एकदा बोलून बघा. वेळ फार नाही."

मी बोलून काय बघणार? जन्मात मी त्याला एकदाही वादात हरवलेलं नव्हतं. मी सांगितलं असतं की तुझ्या नेमानं नाही, गोळ्यांनी बरा झालो, तर त्याला ते पटलं नसतं. आणि खरं सांगायचं तर, माझ्यासाठी एक माणूस महिनाभराहून जास्त अळणी जेवला हे कळल्यावर नुसत्या गोळ्यांचं नाव घ्यायला माझीही जीभ रेटत नव्हती. मी रडलो. व्हरांड्यातल्या नळाखाली तोंड धुतलं आणि आत गेलो.

"आबा, आईनं बापूंचे सोमवार पुरे केले होते, आठवतं?"

त्यानं डोळे उघडले.

"बापू मध्येच गेले. सोळांतले राहिलेले सोमवार आईनं धरले. गुरुजी म्हणाले, चालतं. एकाचा नेम घरातल्या दुसऱ्यानं पुढं न्यायचा, देव हिशेब धरतो. बरोबर?"

"मग?"

"मग तुझा नेम मोडायला नको. मी पुढं नेतो."

मी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. दुपारच्या दोन घ्यायच्या राहिल्या होत्या, त्या त्याच्या देखत घेतल्या. मग वहिनींना म्हटलं, "वहिनी, आजपासून माझं जेवण अळणी. दत्तजयंतीपर्यंत. तुम्ही आबाची शपथ पाळलीत तशी माझीही पाळा. बाईंना सांगायचं नाही." पेल्यातलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं, वाडीच्या दिशेला तोंड केलं आणि संकल्प म्हणायला लागलो. आमचं गोत्र, आमच्या कुळाचं नाव, माझं नाव. लग्नामुंजीत गुरुजींच्या मागून हजारदा ऐकलेले शब्द.

लोक मला विचारतात, खरंच सोडलं असतंस का मीठ? सोडलं असतं. माझ्यातला तो कठड्यावर चढणारा अजून पुरता झोपला नव्हता. निदान एकदा तरी तो कामाला आला.

मी शब्द म्हणत होतो आणि आबा माझ्याकडे बघत होता. आधी त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं, ओझं उतरल्यासारखं. मी धास्तावलो. मला वाटलं, झालं, हा मान्य करतो आता. मग त्याची नजर माझ्या मांडीवरच्या गोळ्यांच्या पट्टीवर गेली. तिथून बाटलीवर. परत पट्टीवर. त्याचे ओठ हलले, जसे पातेल्यावर वाकल्यावर हलायचे, पाण्याचा आणि मिठाचा अंदाज घेताना.

"श्रीपा."

मी थांबलो नाही. पाणी सोडायची वेळ आली होती.

"श्रीपा, तुझ्या चार आहेत."

"हो."

"माझ्या दोनवर... हे झालं."

"हो."

त्याचा लटपटता हात पुढे आला. माझा तळहात सापडेपर्यंत तो दोनदा चुकला. मग सापडला आणि त्यानं माझी बोटं मिटवून टाकली. पाणी माझ्या मांडीवर, गादीवर, त्याच्या मनगटावर सांडलं, पण संकल्पाचं म्हणून एक थेंबही सुटला नाही. माझी मूठ त्यानं तशीच धरून ठेवली.

"गाढवा," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या सिस्टरकडे वळून दुसरा हात पुढे केला. "लाव, बाई. लाव ते मिठाचं."

बाटलीमागून बाटली लागली. पहिल्या रात्री त्याचं बोलणं आणखी जड झालं, बाई दोनदा येऊन गेल्या, आणि वहिनी भिंतीशी बसून जप करत राहिल्या. कुणाचा काय उपयोग झाला ते मी ठरवायला गेलो नाही. दिवस गेले तसा आकडा उतरत गेला आणि हातही शांत होत गेला. पुढे बाईंनी हळूच पुन्हा गोळ्या सुरू केल्या, आता दीड. "मी आता अधिकृत दीडशहाणा," आबा येईल त्याला सांगायचा. त्याच्या हातची आमटी आणखी कितीक वर्षं लोकांनी ओरपली. आम्ही दोघे बरोबरच रक्त द्यायला जायचो आणि तो स्वतःच्या आधी माझा आकडा विचारायचा. दत्तजयंतीला आम्ही वाडीला गेलो. तो पादुकांसमोर बराच वेळ काही तरी पुटपुटत होता. काय सांगितलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुला काय करायचंय? तुझं नाव नाही घेतलं. मोडलं ते मी मोडलं, एवढंच सांगितलं." आता तोही नाही, वहिनीही नाहीत.

पण मला आठवते ती दवाखान्यातली सकाळ. बाईंनी त्याला तोंडानं खायला परवानगी दिली होती. मी घरून पेज करून आणली. तांदूळ भाजून, कण्या काढून, मऊ शिजवून. शेवटी मिठाचा डबा हातात घेतला. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पातेल्यावर वाकलो, वाफ नाकात घेतली, चिमूट सोडली.

आबाला उशीला टेकवून बसवलं. वाटी त्याच्या हातात दिली. चमचा जवळजवळ न सांडता तोंडापर्यंत गेला.

"मीठ मी घातलंय," मी सांगून टाकलं.

त्यानं घास तोंडात घेतला आणि तसाच धरून ठेवला. वाटीकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो माझ्या डोळ्यांत बघत होता, आधी एका, मग दुसऱ्या, आई बापूंच्या डोळ्यांत लकाकी शोधायची तसा. मी पापणी न हलवता बसून राहिलो.

"कसं झालंय मीठ?" मी विचारलं.

तो बघतच राहिला. बऱ्याच वेळानं घास गिळला.

"बरोबर आहे," म्हणाला, आणि दुसरा चमचा भरला.